समाजहिताचे मार्केटिंग : वाचकांचे प्रश्न

लोककला, हातमाग आणि सामाजिक उपक्रमांच्या प्रसिद्धीत करिअर करू इच्छिणाऱ्यांच्या पत्रांत एकच समजूत वारंवार आढळते : हेतू चांगला असला की नियम सैल होतात. म्हणून निवडक प्रश्नांना येथे एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न : या क्षेत्रासाठी एमबीए आवश्यक आहे का? (बी.कॉम.ची विद्यार्थिनी, सक्करदरा)

नाही. मराठी लेखन आणि हिशेब मात्र पक्के हवेत.

प्रश्न : एक संस्था सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमानंतर कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीचे काम पाहणाऱ्या) विभागात प्रसिद्धीची नोकरी मिळण्याची हमी देते. शुल्क भरावे का? (धरमपेठ)

भरू नये. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार पात्र कंपन्यांना मागील 3 वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते; पण आपल्या मालाच्या प्रसिद्धीसाठी दिलेले प्रायोजकत्व त्यात धरले जात नाही आणि प्रशासकीय खर्चालाही 5 टक्क्यांची मर्यादा आहे. त्यामुळे सीएसआर म्हणजे जाहिरातीचे दुसरे खाते, ही ऐकीव माहिती आहे आणि हमीचा व्यापार तिच्यावरच चालतो. त्या संस्थेत शिकून अशा नोकरीला लागलेल्या माजी विद्यार्थ्यांशी स्वतः बोलल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

प्रश्न : भंडारा जिल्ह्यातील कोसा (टसर रेशीम) विणकरांवर साडीविक्रेत्यासाठी व्हिडिओमालिका करतो आहे. विणकरांचा तोंडी होकार आहे. लेखी संमती नंतर घेतली तर चालेल का? (महाल)

चालणार नाही. तोंडी होकार हा दारी आलेल्या पाहुण्याला दिलेला असतो, जाहिरातीला नव्हे. चित्रण कोठे दिसणार, किती काळ, कोणाचा माल विकण्यासाठी, मोबदला किती आणि संमती मागे कशी घेता येईल, हे सारे चित्रीकरणापूर्वी मराठीत लिहून, वाचून दाखवून मगच सही घ्यावी. 'नंतर घेऊ' म्हणणाऱ्यांचे नंतर बहुधा विक्री सुरू झाल्यावरच उजाडते, आणि तेव्हा विणकराला नाही म्हणण्याची सोय उरलेली नसते. अल्पवयीन मुले चौकटीत येत असतील तर पालकांची संमती हवीच. शिवाय काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकांची ओळख उघड करण्यास बाल न्याय कायदा 2015 चे कलम 74 मनाई करते.

आशयाबद्दलही स्पष्ट लिहितो. भेगाळलेल्या हातांनी सुरू होऊन सवलतीच्या कूपनवर संपणारी मालिका म्हणजे गरिबीची विक्री होय. ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढणारे कोष, ते उकळून काढलेला धागा, आणि काठ व अंग वेगवेगळ्या धोट्यांनी एकमेकांत गुंतवून उमटणारी काठाची करवतीच्या दात्यांसारखी नक्षी, एवढे नीट दाखवले तरी साडीची किंमत ग्राहकाला समजते. त्यासाठी कोणाला रडवावे लागत नाही. करारनामा वकिलाकडून तपासून घ्यावा, आणि तोपर्यंत चित्रीकरण थांबवावे.

प्रश्न : नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन (विशिष्ट प्रदेशाच्या मालाची नोंदणीकृत ओळख) आहे, तर संत्राबर्फीच्या डब्यावर ते चिन्ह छापता येईल का? (इतवारी)

नाही. 2014 मध्ये मानांकन मिळाले ते फळाला, बर्फीला नव्हे. फळासाठीही अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. डबा छापण्यापूर्वी बौद्धिक संपदेच्या जाणकाराला विचारावे.

प्रश्न : ग्राहक कंपनी पिशव्यांवर 'शंभर टक्के पर्यावरणपूरक' लिहायला सांगते. लिहावे का?

लेखी पुरावा मागावा. तो नसेल तर लिहू नये. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये 10 लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पुरावा मिळाला तरी तो दाव्याला पुरेसा आहे का, हे तज्ज्ञाला दाखवूनच मजकूर छपाईला पाठवावा.