पहिल्या पानावर प्रेत नको

नौपाडा, ठाणे

प्रिय मित्रा,

तुझ्या पटकथेची सुरुवातीची पानं वाचली. गुन्हेकथा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात घडवायची ही कल्पना झकास आहे. पण पहिल्या दृश्यात मार्केट आहे कुठे? रात्र, धो धो पाऊस, खाडीपुलाखाली प्रेत, वर घोगरा आवाज: ‘या शहरात प्रत्येकाचं एक गुपित असतं.’ अरे, हे कुठल्याही शहरात चालेल.

प्रेत दिसलं की प्रेक्षक विचारतो, कोणी मारलं? उत्तर शेवटी मिळणार हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो आरामात मागे रेलून बसतो. त्याला पुढे सरकून बसवायचं तर पात्रांना माहीत नसलेली एखादी गोष्ट आधी त्याच्या हाती दे.

ऑर्सन वेल्सचा ‘टच ऑफ ईव्हिल’ (१९५८) बघ. सुरुवातीलाच एक माणूस टाइमबॉम्ब लावून तो गाडीच्या डिकीत ठेवतो. मालक येतो, शेजारी बाई बसते, गाडी निघते. बॉम्ब लावण्यापासून तीन मिनिटांहून जास्त वेळ एकही कट नाही. मेक्सिकोच्या सीमेवरचं गाव, रात्रीची वर्दळ, गाडीच्या मागेपुढे चालणारं नवविवाहित जोडपं. नाक्यावर गाडीतली बाई म्हणते, माझ्या डोक्यात टिकटिक ऐकू येतेय. कुणी लक्षच देत नाही. आपल्याला मात्र ओरडून सांगावंसं वाटतं.

या दृश्यावर स्टुडिओने श्रेयनामावली आणि हेन्री मॅन्सिनीचं संगीत चढवलं होतं. वेल्सने आपल्या हरकतींचं ५८ पानी टिपण स्टुडिओला पाठवलं. १९९८मध्ये त्या टिपणाच्या आधारे चित्रपट नव्याने संकलित झाला, तेव्हा नावं गेली, वरून घातलेलं संगीत गेलं आणि बारमधली, गाडीच्या रेडिओतली गाणी ऐकू येऊ लागली. दोन्ही आवृत्त्या लागोपाठ बघ. मॅन्सिनीची धून मला आवडते, खोटं कशाला बोलू? पण ती सारखी बजावते की आता घाबरा. नव्या आवृत्तीत रेडिओचा आवाज जवळ आला की गाडी जवळ आली हे कळतं, आणि आपण कानांनी बॉम्ब शोधू लागतो. तू पहिल्या ओळीतच ‘गूढ पार्श्वसंगीत’ लिहिलंयस, ते खोड.

फ्रिट्झ लांगच्या ‘एम’मध्येही (१९३१) पहिला खून दिसत नाही. आई जेवणाचं ताट मांडून मुलीची वाट बघते, रिकाम्या जिन्यात हाका मारते. मग गवतात घरंगळणारा चेंडू आणि तारांत अडकलेला फुगा, बस्स.

आता तुझं मार्केट घे. रात्री नाशिककडच्या गाड्या लागल्यात. रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकची पींपीं, मुकादमाची आरडाओरड. एक माथाडी पाठीवर गोणी घेतो आणि थबकतो. ज्याची पाठ रोज तेच ओझं वाहते, त्याला वजनातला फरक सांगावा लागत नाही. तो गोणी गाडीत परत ठेवतो, शेजारची उचलतो, चालू लागतो. मुकादम खेकसतो, ‘काय रे, झोपलास का?’ तो उत्तर देत नाही. गोणीत काय आहे यापेक्षा हा गप्प का बसला, हे कोडं जास्त ओढून घेतं. आणि पाऊस नकोच. जुलैत आपल्याकडे तो रहस्यासाठी पडत नाही, रिक्षा न मिळण्यासाठी पडतो.

एक पथ्य मात्र पाळ. ‘अंधाधुन’ (२०१८) कोबीच्या शेतातल्या, एका डोळ्याने आंधळ्या सशापासून सुरू होतो. बंदुकीचा आवाज होतो, पडदा काळा पडतो आणि आपण ससा विसरून जातो. दिग्दर्शक श्रीराम राघवन विसरत नाहीत. त्या गोणीचा हिशेब तुलाही शेवटी द्यावा लागेल, तेव्हा तो आधी ठरव आणि मगच पहिलं दृश्य लिही.

त्याआधी ठाण्याहून रात्रीच्या ट्रान्स-हार्बर लोकलने तुर्भ्याला जा आणि पहाटेपर्यंत मार्केटात थांब. कॅमेरा नको, वही ने. कोण कुणाशी बोलतो याहून कोण कुणाशी बोलायचं टाळतो, ते टिपून घे. मग दृश्य दीड पानात बसवून पाठव. तो घोगरा आवाज पुन्हा दिसला, तर पुढचं पान मी उलटणार नाही.