जँगोसारख्या, पायथनमध्ये वेबसाइट बांधायच्या ओपन सोर्स फ्रेमवर्कची पुढची दिशा नेमकी कोण ठरवतं?

एक माणूस नाही आणि एखादी कंपनीही नाही. जँगो २००५ साली खुला झाला तेव्हापासून एड्रियन होलोव्हाटी आणि जेकब कॅप्लन-मॉस यांचा शब्द अखेरचा असायचा. जानेवारी २०१४ मध्ये दोघांनीही तो अधिकार सोडला आणि २०२० मध्ये कोअर टीमच, म्हणजे कोडवर थेट अधिकार असलेला मुख्य गट, बरखास्त झाली. आता मोठा तांत्रिक वाद अडला तर निवडून आलेली स्टिअरिंग कौन्सिल निकाल देते. पैशाचा कारभार जँगो सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था बघते.

पण खरी दिशा देतो तो काम अंगावर घेणारा. डेटाबेसची रचना टप्प्याटप्प्याने बदलायचं (म्हणजे मायग्रेशन्सचं) अँड्र्यू गॉडविन यांचं 'साउथ' आधी स्वतंत्र पॅकेज होतं. ते वर्षानुवर्षं वापरून लोकांची खात्री पटली, मग त्यांनीच नव्याने लिहिलेली मायग्रेशन्स १.७ मध्ये जँगोत आली. असिंकची, म्हणजे एक काम थांबलं असताना दुसरं पुढे नेण्याच्या पद्धतीची, योजनाही त्यांचीच. ३.० मध्ये एएसजीआय (असिंक सर्व्हरशी जोडणारा दुवा), ३.१ मध्ये असिंक व्ह्यू (विनंतीला उत्तर देणारा कोड), ४.१ मध्ये ओआरएमच्या (डेटाबेसशी बोलणाऱ्या भागाच्या) असिंक मेथड्स, असं ते टप्प्याटप्प्याने आलं.

जुना कोड मोडायचा नाही, हे बंधनही तितकंच मोठं. वेब पत्ते कोडशी जोडायला २.० मध्ये 'पाथ' आला, तरी जुनं 'यूआरएल' फंक्शन ४.० पर्यंत, म्हणजे चार वर्षं, चालू ठेवलं. या संथपणावर लोक वैतागतात, मला मात्र तो जँगोचा सगळ्यात मोठा गुण वाटतो.

तुमच्या डोक्यात एखादं फीचर असेल तर आधी त्याचं पॅकेज करून लोकांना वापरायला द्या.