सरखेली कुणी दिली, आणि आंग्र्यांत दोन किताब कसे झाले?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: कान्होजी आंग्र्यांना सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, हा किताब शिवाजी महाराजांनी दिला का, आणि कुलाब्याच्या मानाजी आंग्र्यांच्या नावापुढे ‘सरखेल’ नसून ‘वजारतमाब’ का?

पहिलीचं उत्तर ‘नाही’ असं आहे. कान्होजींचा जन्म १६६९च्या सुमाराचा, म्हणजे महाराज गेले तेव्हा ते दहा-अकरा वर्षांचे. त्यांच्या आधी सिधोजी गुजर सरखेल होते. ते १६९८ साली वारले आणि राजाराम महाराजांच्या काळात सरखेली कान्होजींकडे आली.

मुळात या शब्दाचा समुद्राशी काही संबंध नाही, याचं मला आजही अप्रूप वाटतं. ‘खैल’ म्हणजे घोडे, घोडेस्वारांची तुकडी. दिल्लीच्या सुलतानांच्या फौजेत सरखेल हा जेमतेम दहा स्वारांवरचा अंमलदार. तोच शब्द कोकणात गुराबा-गलबतांच्या, म्हणजे लढाऊ जहाजांच्या, धन्याला लागला.

घराण्याची पकड पक्की झाली ती १७१४ साली. कान्होजींनी शाहू महाराजांचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कैद केलं होतं. नवे पेशवे बाळाजी विश्वनाथ लोणावळ्याजवळ वळवणला कान्होजींना भेटले, बोलणी झाली, आणि सरखेली, आरमार, किल्ले सगळं कायम होऊन कान्होजी शाहूंच्या बाजूला आले. तेव्हापासून सरखेली आंग्र्यांची. तरी बाप गेला की मुलगा आपोआप सरखेल, असं नव्हतं. नेमणुकीची वस्त्रं साताऱ्याहून, शाहू महाराजांकडूनच यावी लागत.

१७२९ साली कान्होजी गेले, त्यांचे पुत्र सेखोजी सरखेल झाले, तेही १७३३ साली वारले. मग सेखोजींचे भाऊ संभाजी आंग्रे आणि मानाजी भांडू लागले. १७३५ साली बाजीराव पेशव्यांनी वाटणी केली: संभाजींना सरखेली आणि विजयदुर्ग, मानाजींना वजारतमाब हा किताब आणि कुलाबा. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हेच.

माझ्या मते आरमाराचा घात इथंच झाला. किताब दोन झाले तसं आरमारही दोन झालं, आणि दोन्ही एकमेकांवर उठली. १७४० साली संभाजींनी कुलाब्यावर चाल केली तेव्हा मानाजींनी पेशव्यांची आणि इंग्रजांचीही मदत घेतली. ज्यांच्याशी कान्होजी जन्मभर लढले, त्यांनाच!

संभाजींनंतर सरखेली त्यांचे भाऊ तुळाजींकडे गेली. फेब्रुवारी १७५६ मध्ये समुद्रातून इंग्रज आणि जमिनीवरून पेशव्यांची फौज विजयदुर्गावर आली. आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच पकडलेल्या ‘रेस्टोरेशन’ जहाजावर तोफेचा गोळा पडला, ते पेटलं, आणि शेजारी बांधलेली गलबतं एकामागून एक जळाली. तुळाजी कैदेतच वारले. पुढे विजयदुर्गाचं आरमार आनंदराव धुळपांकडे गेलं, पण पेशव्यांचे सुभेदार म्हणून.

म्हणून १७३५ ते १७५६मधला आंग्र्यांचा कागद हाती आला तर आधी किताब पाहा. कागद कुलाब्याचा की विजयदुर्गाचा, हे बहुधा तिथंच कळतं.