तिसऱ्या माणसाची जागा

श्टुटगार्ट

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझ्या पत्रातला प्रश्न सरळ आहे. श्टुटगार्ट-वेस्टमध्ये घर मिळाले आहे, जर्मन परवाना हाती आला आहे आणि ऑफिसातल्या कुणाची तरी जुनी स्मार्ट फोर्टू परवडेल अशा किमतीत मिळते आहे, तर ती घ्यावी की नाही. 'घेऊन टाक' किंवा 'नको त्या फंदात पडू' असे फोनवर एका वाक्यात सांगता आले असते. परंतु मी स्वतः २०१३ पासून दोन जागांची हीच गाडी वापरत असल्यामुळे मला दोन्ही वाक्ये तितकीच खरी वाटतात, आणि म्हणून हा पत्राचा खटाटोप. तू मला काका म्हणतेस, तेव्हा थोडे पाल्हाळ सहन करशील असे धरून चालतो.

ही गाडी कोणत्या अडचणीवरचा उपाय म्हणून जन्मली, ते आधी लक्षात घे. स्वॉच घड्याळांचे निकोलस हायेक यांच्या डोक्यातली कल्पना आणि मर्सिडीज-बेंझची यंत्रविद्या यांच्या भागीदारीतून ती फ्रान्समधल्या हाम्बाख येथील कारखान्यात तयार झाली आणि ऑक्टोबर १९९८ मध्ये रस्त्यावर आली. पहिल्या पिढीची लांबी अवघी अडीच मीटर होती. इथल्या ट्रकला कायद्याने जेवढी रुंदी चालते (२.५५ मीटर), तेवढ्यात ही गाडी लांबीने मावत असे, आणि त्यामुळेच दोन गाड्यांच्या मधल्या फटीत ती आडवी, म्हणजे तोंड फुटपाथकडे करून, उभी करण्याची चाल पडली. २००७ साली आलेल्या दुसऱ्या पिढीपासून लांबी २.६९ मीटर झाली आणि त्या करामतीतला जीव गेला. माझी गाडी दुसऱ्या पिढीतली आहे. पहिल्याच महिन्यात मी ती मोठ्या ऐटीने आडवी लावली आणि सकाळी काचेवर दंडाची पावती मिळाली. मागचा भाग वीतभर रस्त्यात आला होता, त्यामुळे तक्रार करायला मला तोंड नव्हते. गाडी कडेला समांतरच उभी करायची, हा नियम तू पहिल्या दिवसापासून पाळ.

समांतर उभी करूनही या गाडीचा जो फायदा होतो, तो वेस्टमध्ये राहिल्याशिवाय कळत नाही. हा भाग शहरातल्या सर्वांत दाट वस्तीच्या भागांपैकी आहे; चार-पाच मजली जुनी घरे, खाली फारशी गॅरेजे नाहीत, आणि रहिवाशांचा पार्किंगचा परवाना काढला तरी तो जागेची हमी देत नाही, फक्त शोधण्याचा हक्क देतो. नोव्हेंबरातल्या संध्याकाळी सात वाजता, पाऊस पडत असताना, त्याच चार गल्ल्यांना प्रदक्षिणा घालणारे आठ-दहा जण मला चेहऱ्याने ओळखीचे झाले आहेत. एखाद्या मोठ्या गाडीचा मालक एका मोकळ्या जागेपाशी थांबतो, अंदाज घेतो आणि पुढे जातो. त्याने सोडलेली ती तीन-सव्वातीन मीटरची फट माझी असते. एका बाजूला कुणाचे तरी फाटक, दुसऱ्या बाजूला झाडाचे आळे, मधे आपण. बारा-तेरा वर्षांत असे शेकडो वेळा झाले असेल, तरी इंजिन बंद करताना होणारा आनंद अजून शिळा झालेला नाही. २०१४ मध्ये आलेली तिसरी पिढी तर अवघ्या ६.९५ मीटरच्या वर्तुळात पूर्ण वळते. आपल्या पुण्यातल्या पेठेत रिक्षा जशी जागच्या जागी फिरते, तसाच हा प्रकार आहे.

आता दुसरी बाजू, आणि मला मुख्यतः तीच सांगायची आहे. तुझ्या पत्रात तू पेट्रोल, विमा आणि कर यांचे हिशेब मांडले आहेस, मात्र या गाडीची खरी किंमत त्या तक्त्यात कुठेच येत नाही. ती किंमत म्हणजे तिसरा माणूस. दोन जागा म्हणजे चार जागांच्या निम्म्या, असे कागदावर वाटते. प्रत्यक्षात एकट्या माणसाच्या आयुष्यात निम्म्याहून अधिक प्रसंग दोघांपर्यंतच संपतात आणि तोवर गाडी उत्तम चालते. ज्या दिवशी तिसरा माणूस दारात उभा राहतो, त्या दिवशी ती शून्य जागांची होते. गणपतीच्या कार्यक्रमाहून रात्री परतताना दोन मैत्रिणी एकाच दिशेला जाणाऱ्या असल्या, तर तुला एकीला नाही म्हणावे लागते, आणि बहुधा तू दोघींबरोबर रेल्वेने जातेस व दुसऱ्या दिवशी गाडी आणायला परत येतेस. हे मी केलेले आहे.

माझे आई-वडील पहिल्यांदा इथे आले तेव्हाची गोष्ट सांगतो. विमानतळावर आम्ही दोघे घ्यायला गेलो, म्हणजे मी गाडीने आणि तुझ्या काकू एस-बानने (इथल्या लोकल रेल्वेने), कारण परतीच्या वाटणीचा विचार आधीच करून ठेवावा लागला होता. आई आणि एक मोठी बॅग माझ्या गाडीत आली, बाबा आणि दुसरी बॅग काकूंबरोबर एस-बानने निघाली. एस-बान विमानतळावरून मुख्य स्थानकापर्यंत अर्ध्या तासात येते, आणि आम्ही मात्र कोंडीत अडकलो, त्यामुळे घरी पोचलो तेव्हा बाबा चहा पीत बसले होते. गॅलरीतून खाली गाडीकडे बघत ते एवढेच म्हणाले, "स्कूटरवर आपण चौघे मावत होतो की रे." पुढचे तीन महिने आम्ही चौघे एकत्र कुठे जायचे तर गाडी भाड्याने घ्यायचो.

येथे एक तुलना करून पाहा. तिसऱ्या पिढीच्या फोर्टूबरोबर स्मार्टचीच चार जागांची फोरफोर निघाली आणि तिची लांबी ३.४९ मीटर होती. त्याच घरातली, जवळपास त्याच यंत्रांची, आणि फरक ऐंशी सेंटिमीटरांचा. फिआट ५०० घेतलीस तरी ती ३.५५ मीटरच भरते. पेट्रोलही या गाड्या फोर्टूपेक्षा फार जास्त पीत नाहीत. माझी गाडी शहरात शंभर किलोमीटरला साडेपाच ते सहा लिटर घेते, आणि एवढ्याशा गाडीच्या मानाने हा आकडा काही अभिमानाने सांगावा असा नाही. म्हणजे सौदा असा आहे की तू दोन माणसांच्या जागा देतेस आणि बदल्यात फुटपाथकडेचे ऐंशी सेंटिमीटर घेतेस. वेस्टमध्ये ते ऐंशी सेंटिमीटर सोन्याच्या भावाचे आहेत, हे मी वर सांगितलेच. परंतु तू पुढच्या वर्षी शहराबाहेर बोब्लिंगेनकडे राहायला गेलीस, जिथे घरासोबत पार्किंग सहज मिळते, तर त्यांची किंमत शून्य होईल आणि दोन जागांची उणीव तेवढी उरेल.

सुरक्षिततेबद्दल तुझ्या वडिलांनी मला वेगळा फोन केला होता, तेव्हा त्यांनाही हे वाचून दाखव. या गाडीच्या बाहेरून दिसणाऱ्या चंदेरी किंवा काळ्या कमानीला ट्रिडियन म्हणतात. ती पोलादी चौकट आहे आणि माणसांभोवतीची जागा टिकवण्याचे काम चोख करते. अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेच्या चाचण्यांत २००८ साली दुसऱ्या पिढीला समोरच्या आणि बाजूच्या धडकेसाठी चांगला दर्जा मिळाला होता. मात्र त्याच संस्थेने २००९ मध्ये हीच गाडी आणि मर्सिडीज सी-क्लास ताशी चौसष्ट किलोमीटर वेगाने एकमेकींवर समोरासमोर आदळवल्या, तेव्हा स्मार्ट हवेत उचलली जाऊन सव्वा गिरकी घेऊन पडली आणि आतल्या पुतळ्याला झालेल्या इजा गंभीर ठरल्या. यात चौकटीचा दोष कमी आणि वजनाचा अधिक आहे, कारण समोरची गाडी जवळपास दुप्पट जड असली की हलक्या गाडीच्या वेगात होणारा बदल तितकाच मोठा असतो, आणि शरीराला तोच सोसावा लागतो. शहराच्या ताशी तीस-पन्नासच्या वेगात मला या गाडीत कधी भीती वाटलेली नाही. उल्मच्या दिशेने ए-८ महामार्गावर श्वेबिशे आल्बचा चढ चढताना, एका बाजूला ट्रकची रांग आणि मागून वेगाने येणाऱ्या गाड्या असताना, मात्र वाटलेली आहे. वर पठारावर आल्यावर आडवा वारा लागला की पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर इतके कमी असल्याने गाडी बाजूला सरकते आणि दोन्ही हातांनी सुकाणू धरून बसावे लागते. म्युनिकला दर शनिवार-रविवार जायचे मनात असेल, तर ही गाडी त्यासाठी घेऊ नकोस.

खर्चाचे तुझे आकडे ढोबळमानाने बरोबर आहेत, तरी ते कोणत्या मॉडेलचे हे महत्त्वाचे आहे. जुलै २००९ नंतर नोंदलेल्या एक लिटर इंजिनाच्या एमएचडी (गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद करणाऱ्या) मॉडेलला वर्षाचा रस्ताकर अवघा २० युरो बसतो, कारण त्याचा कार्बन डायऑक्साइड तेव्हाच्या करमुक्त मर्यादेच्या आत होता. पहिल्या पिढीच्या स्वस्त गाड्यांकडे मात्र वळू नकोस. सहाशे-सातशे सीसीची ती टर्बो इंजिने लाखभर किलोमीटरनंतर ऑइल खायला लागतात, व्हॉल्व्ह जळतात, आणि इंजिन उघडण्याचा खर्च गाडीच्या किमतीला गिळून टाकतो. जुनी डिझेल तर नकोच. श्टुटगार्टमध्ये युरो ४ (धुराच्या प्रदूषणाचा युरोपीय दर्जा) आणि त्याहून जुन्या डिझेल गाड्यांवर २०१९ मध्येच बंदी आली. वीजेवरच्या मॉडेलचा मोह होत असेल तर तुझ्या घराखाली चार्जिंगची सोय आहे का, एवढेच आधी बघ, कारण १७.६ किलोवॉट-तासांची बॅटरी, थंडीत शंभर किलोमीटरच्या आत येणारा पल्ला, आणि झटपट डीसी चार्जिंगची सोयच नाही. शिवाय २०१२ नंतरच्या काही वीजगाड्या बॅटरी भाड्याने देऊन विकल्या गेल्या होत्या, त्यामुळे गाडी तुझी आणि बॅटरीचे मासिक भाडे वेगळे, असा प्रकार निघू शकतो. कागद नीट वाच.

टायरचे एक गौडबंगाल सांगून ठेवतो. माझ्या गाडीला पुढे १५५ आणि मागे १७५ रुंदीचे टायर आहेत. त्यामुळे पुढचे-मागचे आलटून-पालटून झीज सारखी करता येत नाही, आणि हिवाळ्याचा वेगळा जोड घ्यावा लागतो तोही दोन मापांत. स्टेपनी नाहीच, पंक्चरसाठी एक बाटली आणि छोटा पंप मिळतो.

तू ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली असल्याने क्लचच्या पेडलची गाडी तुला चालवता येत नाही, आणि या बाबतीत दुसरी पिढी तुझ्या सोयीची आहे. परंतु ती खरी ऑटोमॅटिक नसून, क्लच यंत्राने दाबला जाणारा साधा पाच गिअरचा डबा आहे. गिअर बदलताना क्षणभर ओढ तुटते आणि आतली दोन्ही माणसे नंदीबैलासारखी मान हलवतात. उपाय सोपा आहे: गिअर बदलण्याची वेळ आली असे वाटताच अॅक्सिलरेटरवरचा पाय किंचित उचलायचा. ही सवय मला लागायला महिना लागला. काकूंना अजून लागलेली नाही, आणि त्यांच्या मते ती माणसाने नव्हे, गाडीने लावून घ्यायची असते.

इंजिन मागे, डिकीच्या तळाखाली आहे. खाली पडणारी लहानशी फळी आणि वर उघडणारी काच अशी तिची दोन भागांची डिकी मला फार आवडते. मात्र लांबच्या फेरीनंतर तळाचा गालिचा चांगलाच कोमट होतो हे विसरून मी एकदा पाडव्यासाठी बांधलेला चक्का मागे ठेवला होता. घरी पोचेपर्यंत त्याला इतके पाणी सुटले होते की त्या वर्षी श्रीखंडाऐवजी आम्ही पियूष प्यायलो. दूध-दही पुढच्या सीटखाली, पायांशी ठेवायचे.

तेव्हा गाडी घेण्याआधी मागच्या तीन महिन्यांचे कॅलेंडर उघड आणि तू कुठे, कुणाबरोबर गेलीस ते बघ. बहुतेक वेळा एकटी किंवा दुकटी असशील आणि पुढची दोन वर्षे वेस्टमध्येच राहणार असशील, तर घे, आणि तिसऱ्या माणसासाठी भाड्याच्या गाडीचे किंवा डॉइचलांड तिकिटाचे, म्हणजे देशभरच्या लोकल गाड्या-बसच्या मासिक पासाचे, पैसे (२०२५ मध्ये ते महिना ५८ युरो होते) आधीच बाजूला काढून ठेव. आई-बाबा पुढच्या उन्हाळ्यात येणार असतील, तर त्यांच्या येण्यापर्यंत थांब.

गाडी बघायला तू शनिवारी दहाला फॉयरबाखला जाणार आहेस, असे लिहिले आहेस. मीही येतो, थंड इंजिन सुरू करून धूर बघायचा आहे, डिकीतला गालिचा काढून ऑइलचे डाग बघायचे आहेत, आणि शेवटचे पासिंग, म्हणजे इथले टीयूव्ही, कधी झाले तो कागद मागायचा आहे. साडेनऊला तुझ्या दाराशी माझी गाडी घेऊन येईन. तुझी ती घरातली मैत्रीणही सोबत येणार असेल, तर मात्र आदल्या रात्री कळव, म्हणजे आपण तिघे एस-बाननेच जाऊ.

तुझा,
काका