१९७० ची म्हणून विकली जाणारी डॅटसन २४०झेड खरी आहे का हे कसे ओळखावे आणि तिचे सुटे भाग कुठून मिळवावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: डाव्या स्टिअरिंगची एक डॅटसन २४०झेड तुम्हाला मिळते आहे, मालक ती १९७० ची आणि संपूर्ण मूळ असल्याचे सांगतो, रंग नवा आणि चकचकीत आहे, पण इंजिन जाम झाले आहे, अशी गाडी घ्यावी का, तिची ओळख कशी पटवावी आणि सुटे भाग कुठे शोधावेत? गेल्या नऊ वर्षांत मी या मालिकेतील दोन गाड्या पूर्ण उघडून पुन्हा उभ्या केल्या आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की, इंजिन जाम असल्याची चिंता तुम्ही सर्वांत शेवटी करावी आणि चकचकीत रंगाची सर्वांत आधी.

ओळख चॅसिस क्रमांकापासून सुरू होते. १९८१ च्या सुमारास रूढ झालेला सतरा अक्षरांचा क्रमांक या गाड्यांवर नसतो. मॉडेलची अक्षरे आणि त्यापुढे अनुक्रमांक एवढेच असते. तुमच्या गाडीवर एचएलएस३० असायला हवे. त्यातला एच २.४ लिटरच्या एल२४ इंजिनाचा आणि एल डाव्या स्टिअरिंगचा. उजव्या स्टिअरिंगच्या २.४ लिटर गाडीला एचएस३०, जपानमध्ये विकल्या गेलेल्या दोन लिटरच्या फेअरलेडी झेडला नुसते एस३०, आणि दुर्मीळ झेड४३२ ला पीएस३० असे लिहिलेले असते. (४३२ म्हणजे प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, तीन कार्ब्युरेटर आणि दोन कॅमशाफ्ट.) हा क्रमांक फायरवॉलच्या, म्हणजे इंजिनाचा कप्पा आणि बसायची जागा यांच्यामधल्या, पत्र्यावर ठोकलेला असतो आणि इंजिनाच्या कप्प्यातील पाटीवरही छापलेला असतो, अमेरिकेत विकलेल्या गाड्यांत तो डॅशबोर्डवरील छोट्या पट्टीवरही दिसतो. त्याशिवाय दाराच्या चौकटीवरील पाटीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असते, आणि मालकाच्या शब्दापेक्षा मी त्या पाटीवर अधिक विश्वास ठेवतो. इंजिनाच्या कप्प्यातील पाटीवर इंजिन क्रमांकही असतो. तो ब्लॉकवरील क्रमांकाशी ताडून पाहा; ब्लॉकवर तो स्पार्क प्लगच्या बाजूला, हेडच्या, म्हणजे ब्लॉकवर बसणाऱ्या वरच्या भागाच्या, लगेच खाली, मागच्या टोकाकडे सापडतो.

फायरवॉलवरील क्रमांक नुसता वाचू नका, त्यावरून बोट फिरवा. मूळ ठोकलेल्या अंकांच्या कडा रंगाखालीही जाणवतात. अंकांभोवतीचा पत्रा घासलेला, उंचसखल किंवा चौकोनी वेल्डिंगच्या रेषेने वेढलेला वाटला, तर मालकाची परवानगी घेऊन तेवढाच रंग काढून पाहा, आणि परवानगी मिळाली नाही तर तेथूनच परत फिरा.

वर्षाची खातरजमा गाडीचे शरीरही करून देते. सुरुवातीच्या, म्हणजे साधारण १९७१ च्या आरंभापर्यंतच्या गाड्यांत आतली हवा बाहेर सोडणाऱ्या जाळ्या मागच्या हॅचवर, म्हणजे वर उघडणाऱ्या मागच्या दारावर, होत्या आणि बाजूच्या मागील खांबांवर ‘२४०झेड’ असे लिहिलेले चिन्ह होते. पुढे जाळ्या खांबांवर आल्या आणि तेथे ‘झेड’ अक्षराचे गोल चिन्ह बसले. माझ्या पहिल्या गाडीच्या हॅचवर जाळ्या होत्या, म्हणून मी ती सुरुवातीच्या काळातील समजून घेतली. रंग काढला तेव्हा खांबांवर लांबीने (पुटीने) बुजवलेली दोन गोल भोके उघडी पडली. हॅच एका गाडीचा आणि बाकी सारे शरीर दुसऱ्या गाडीचे होते. तेव्हापासून मी एका खुणेवरून निष्कर्ष काढत नाही. क्रमांक, दारावरची पाटी, जाळ्या, कार्ब्युरेटर आणि हेडवरील ओतीव अक्षरे या सर्वांनी एकच काळ सांगितला पाहिजे. १९७० च्या गाडीच्या हेडवर ई३१ असे असते आणि तिच्या हिताची कंपनीच्या कार्ब्युरेटरच्या घुमटावर चार स्क्रू असतात, तर नंतरच्या घुमटावर तीन.

हीच दक्षता इतर जपानी गाड्यांच्या बाबतीत अधिकच लागते, कारण तेथे खोटेपणाचा मोबदला फार मोठा आहे. निसानच्या १९७० च्या स्कायलाइन जीटी-आर हार्डटॉपची अक्षरे केपीजीसी१० आहेत आणि साध्या जीटीची केजीसी१०. एका ‘पी’च्या जागी, म्हणजे चोवीस व्हॉल्व्हच्या एस२० इंजिनाच्या जागी, केवळ बिल्ले आणि रुंद चाके लावून जीटी-आर म्हणून उभ्या केलेल्या गाड्या पुष्कळ आहेत.

आता पत्रा. या गाडीचा पत्रा पातळ आहे आणि पाणी ज्या वाटांनी वाहायचे त्या वाटा पालापाचोळ्याने तुंबतात. वाय्परखालच्या पन्हळीत पडलेले पाणी पुढच्या मडगार्डच्या मागून खाली उतरते. तेथे ओला कचरा साठला की मडगार्डचा खालचा भाग, दाराच्या पुढचा कोपरा आणि सिल (दाराखालचा लांब पोकळ पत्रा) आतून कुजतात, आणि बाहेरचा रंग मात्र वर्षभर तसाच चमकत राहतो. बॅटरीच्या खालचा तबक आम्लाने खाल्लेला असतो. पायाखालची जमीन, तिच्या खालचे लांब चॅनेल, सस्पेन्शनचा रॉड ज्या वाटीत बसतो ती वाटी, मागच्या चाकांच्या कमानी आणि हॅचची खालची कड या जागा मी गुडघे टेकून, टॉर्च आणि चुंबक घेऊन पाहतो. चुंबक कापडात गुंडाळून फिरवा. जेथे तो ढिला पडतो तेथे पत्र्याऐवजी लांबी आहे. कार्पेट उचलू देण्यास मालक नाखूश असेल, तर त्याचे कारण बहुधा कार्पेटखाली असते. सिल कापायची वेळ आलीच, तर दाराच्या चौकटीत आडवे आधार वेल्ड केल्याशिवाय कापू नका, नाहीतर शरीर खचते आणि दार पुन्हा कधीच नीट बसत नाही. बोनेट, छप्पर यांसारख्या सपाट भागांवर वाळूचा जोरदार मारा करू नये. पत्रा ताणला जाऊन लाटांसारखा होतो.

उघडण्याआधी प्रत्येक कोपऱ्याचे छायाचित्र घ्या आणि प्रत्येक नट-बोल्ट नाव लिहिलेल्या पिशवीत ठेवा. मी एकदा हे काम एका गॅरेजवर सोपवले. तीन पेट्यांत सगळे एकत्र परत आले आणि खिडकीच्या क्रोम पट्ट्यांच्या क्लिपा त्यात नव्हत्याच. त्या जमवायला चौदा महिने गेले. आणखी एक गोष्ट फार थोडे लोक सांगतात. या गाड्यांवरील चार खाचांचे स्क्रू फिलिप्स नसून जपानी जेआयएस मापाचे आहेत. अशा अनेक स्क्रूंच्या डोक्यावर एका बाजूला छोटा ठिपका असतो. त्यात फिलिप्सचा स्क्रू ड्रायव्हर घातला की तो जोर लावताच वर सरकतो आणि खाच गोल करून टाकतो. जेआयएसचा ड्रायव्हर घेतला, रात्रभर भेदक तेल सोडले आणि सकाळी डोक्यावर हलका ठोका दिला, की पन्नास वर्षे न हललेला कार्ब्युरेटरचा स्क्रू सहज सुटतो. मूळ बोल्टवर पिवळ्या झिंकचा मुलामा असतो. शक्य तितके तेच बोल्ट पुन्हा मुलामा देऊन वापरा, कारण १२ आणि १४ मिलिमीटरची ती डोकी बाजारातील १३ आणि १७ च्या बोल्टांत मिळत नाहीत.

सुट्या भागांचा शोध भागाच्या नावाने नव्हे, क्रमांकाने करायचा असतो. डॅटसन हे निसानचेच नाव, आणि निसानचा भाग क्रमांक पाच अधिक पाच अशा दहा अंकाक्षरांचा असतो. पहिले पाच अंक तो भाग कोणता ते सांगतात, जसे ११०४४ म्हणजे हेड गॅस्केट आणि १५२०८ म्हणजे तेलाचा फिल्टर, आणि पुढचे पाच तो कोणत्या मॉडेलचा, कोणत्या आवृत्तीचा ते सांगतात. म्हणून आधी गाडीचा उत्पादन महिना निश्चित करा, मग त्या काळाच्या पार्ट्स कॅटलॉगमधून क्रमांक काढा आणि तो क्रमांक पुढे कोणत्या नव्या क्रमांकाने बदलला गेला तेही तपासा. एल मालिकेची इंजिने निसानच्या सेड्रिक, लॉरेल आणि स्कायलाइनमध्येही होती, त्यामुळे गॅस्केट, बेअरिंग, पाण्याचा पंप, टायमिंग चेन असे भाग आजही मिळतात. जपानमधील लिलावांच्या स्थळांवर जुने, न वापरलेले भाग निघतात. तेथील विक्रेते बहुधा देशाबाहेर पाठवत नाहीत, म्हणून मध्यस्थ सेवेमार्फत घ्यावे लागते, आणि शोध जपानी लिपीत केला तर कितीतरी अधिक सापडते. निस्मो या निसानच्या शर्यत-शाखेने २०१७ मध्ये आर३२ जीटी-आरपासून आणि टोयोटाने २०२० मध्ये २०००जीटी व सुप्रापासून जुने भाग पुन्हा बनवायला घेतले. २४०झेडला मात्र मुख्यतः स्वतंत्र उत्पादकांचाच आधार आहे. त्यांचे फ्लोअरचे आणि सिलचे पत्रे चांगले असतात. दारांची रबरे मात्र अनेकदा इतकी जाड निघतात की दार आपटूनही बंद होत नाही, म्हणून जाणकार मंडळी जुन्या किया स्पोर्टेजच्या दाराचे मऊ रबर कापून बसवतात, आणि मीही तेच बसवले आहे.

खरी अडचण मोठ्या भागांची नसते. न तडकलेला डॅशबोर्ड, क्रोमच्या पट्ट्या, मूळ चिन्हे, हीटरची बटणे, आतली प्लास्टिकची आवरणे या वस्तू गाडीबरोबर आल्या नाहीत तर प्रकल्प लांबतो. गाडी पाहायला जाल तेव्हा त्यांची यादी करून एकेक मोजा.

इंजिनाबद्दल एवढेच की, एल२४ चा ओतीव लोखंडी ब्लॉक आणि सात मुख्य बेअरिंगांचा क्रँकशाफ्ट फार टिकाऊ आहे. स्पार्क प्लगच्या भोकांतून तेल सोडून दोन आठवडे थांबल्यावर अनेक जाम इंजिने मोकळी होतात. न झाल्यास २८०झेडचे २७५३ सीसीचे एल२८ त्याच जागी बसते. मूळ ब्लॉक मात्र कधीही भंगारात देऊ नका, कारण त्यावरचा क्रमांक पाटीशी जुळतो. वायरिंगमध्ये हेडलाइटचा सगळा प्रवाह स्विच आणि फ्यूज बॉक्समधून जातो व फ्यूज बॉक्स वितळतो. गाडी रात्री चालवण्याआधी रिले, म्हणजे हा प्रवाह स्विचमधून न नेता वेगळ्या वाटेने देणारा विद्युत स्विच, बसवून घ्या.

तुमच्या गाडीचे सर्व क्रमांक जुळले, दारावरची पाटी १९७० सांगत असली, सिल आणि चॅनेल निरोगी असले आणि बारीक सामान जागेवर असले, तर जाम इंजिनासह घ्या आणि इंजिनापोटी किंमत नक्की कमी करून मागा. चुंबक सिलवर ढिला पडला, तर इंजिन कितीही सुरेल चालत असते तरी मी ती घेतली नसती.