मिठी नदी नेमकी कोणाची? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मुंबईतल्या मिठी नदीवर बरेच प्रश्न आलेत, त्यातले पाच घेतलेत. काही एकाच प्रकारचे होते म्हणून जोडून टाकले.

प्रश्न (कुर्ला पश्चिम): आमच्या चाळीमागून मिठी वाहते. वॉर्ड ऑफिसात गेलो तर म्हणाले हा पट्टा एमएमआरडीएचा (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण). एमएमआरडीएवाले म्हणतात गटाराचं पाणी महापालिकेचं. प्रदूषण मंडळाला मेल केला तर त्यांनी तोच मेल महापालिकेला पुढे ढकलला. आम्ही जायचं कुठे?

तिघंही अर्धं अर्धं खरं बोलतायत, पंचाईत तीच आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस झाला, कुर्ला-कालिना-बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) सगळं पाण्याखाली गेलं आणि महिन्याभरात सरकारने मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण काढलं. मग नदीची वाटणी झाली. एकूण लांबी १७.८४ किमी, त्यातले विहार तलावापासून कुर्ल्याच्या सीएसटी पुलापर्यंतचे ११.८४ किमी महापालिकेकडे आणि तिथून माहीम कॉजवेपर्यंतचे ६ किमी एमएमआरडीएकडे. पण ही वाटणी पूर डोळ्यासमोर ठेवून केलेली, पात्र रुंद करा, खोल करा, भिंती बांधा, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. घाण कोण अडवणार हा प्रश्न कागदावर होता पण त्याला कोणी धनी नव्हता. त्यात एमएमआरडीएच्या पट्ट्यात येणारे नालेसुद्धा महापालिकेच्याच वस्त्यांतून येतात, कारखान्यांची परवानगी मंडळाकडे, विमानतळाजवळ नदी धावपट्टीमुळे काटकोनात वळवलेली ती जागा विमानतळाची, पुलाखालचा भाग रेल्वेचा, तिवरं वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे, झोपड्यांखालची जमीन कुठे कलेक्टरची तर कुठे आणखी कोणाची. चाळीतल्या सामाईक संडासासारखं झालंय, वापरणारे सगळे, धुणारा कोणी नाही.

तुम्ही एवढं करा. पाणी येतंय कुठून ते आधी बघा. मॅनहोल तुंबून मैलापाणी नदीत जात असेल तर ते महापालिकेच्या मलनिःसारण खात्याचं काम. नाल्यातून येत असेल तर पर्जन्य जलवाहिन्या खातं. पाण्याला रंग असेल, तेलाचा तवंग असेल, डोळे चुरचुरत असतील तर प्रदूषण मंडळ. नाल्याचं नाव, जवळची खूण, वेळ आणि फोटो टाका आणि तिघांनाही एकच पत्र द्या, कोणाकोणाला पाठवलंय ते त्यातच लिहा, म्हणजे 'आमच्याकडे आलंच नाही' म्हणता येत नाही. महापालिकेच्या १९१६ हेल्पलाईनवर तक्रार नंबर घ्याच, नंतर आरटीआय टाकायला तो लागतो.

प्रश्न (साकीनाका): दरवर्षी पावसाआधी गाळ काढतात, डंपर फिरताना आम्ही स्वतः बघतो, तरी दिवाळीपर्यंत नदी परत काळीच. हा पैसा जातो कुठे?

पैशाचं म्हणाल तर मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने मे २०२५ मध्ये मिठीच्या गाळउपशावरून गुन्हा नोंदवलाय, सुमारे ६५ कोटींच्या घोटाळ्याचा आरोप आहे, ठेकेदारांबरोबर पालिकेचे अधिकारीही त्यात आहेत. कोर्टात काय ठरतं ते ठरेल. पण समजा एकेक डंपर इमानदारीत भरला, वजनकाट्यावर मोजला, व्हिडिओ काढला, तरी नदी काळीच होणार होती. गाळ काढतात तो पुरासाठी, पाणी तुंबू नये म्हणून. त्याचा आणि स्वच्छतेचा संबंध फार थोडा, आणि हे कोणी लोकांना नीट सांगतच नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, माझ्या मते मिठीबद्दलची सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. मिठीचं पाणी म्हणजे विहार आणि पवई तलावांचं ओसंडलेलं पाणी. विहार बांधला १८६० मध्ये, पवई १८९० मध्ये. तलाव भरून वाहतात ते फक्त पावसाळ्यात, म्हणजे उरलेले सातआठ महिने वरून नदीचं स्वतःचं असं पाणी जवळपास येतच नाही. त्या काळात तुम्हाला जे वाहताना दिसतं ते वरच्या भागात सांडपाणी आणि खालच्या भागात सांडपाणी अधिक भरतीचं पाणी. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या २०१८ च्या यादीत पवई ते धारावी पट्ट्याचा बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना किती प्राणवायू लागतो त्याचं माप, लिटरमागे २५० मिलिग्रॅम होता, अंघोळीच्या पाण्याला मर्यादा आहे ३ ची. २५० म्हणजे सरळ कच्चं मैलापाणी. म्हणून 'नदी साफ करा' हे म्हणणंच मला पटत नाही, साफ करण्यासारखी नदी उन्हाळ्यात तिथे असतेच कुठे, नाल्यांची तोंडं बंद करा असं म्हणायला पाहिजे.

प्रश्न (बीकेसीत नोकरी): ओहोटीच्या वेळी ऑफिसच्या खिडक्या उघडता येत नाहीत. बोगदा खणतायत असं वाचलं, त्याने फरक पडेल का?

पडेल, पण सगळं जुळून आलं तर. बापट नाला आणि सफेद पूल नाला हे मिठीत घाण आणणारे मोठे नाले, त्यांचं कोरड्या दिवसांतलं पाणी नदीत पडू न देता अडवायचं आणि ६.७ किमीच्या बोगद्यातून धारावीच्या प्रक्रिया केंद्रात न्यायचं अशी ती योजना, दिवसाला १६८ दशलक्ष लिटर. बोगदा खणणं त्यातल्या त्यात सोपं, कारण जमिनीखाली कोणाची झोपडी नाही, दुकान नाही, नगरसेवक नाही. अवघड काम दोन्ही टोकांना. वरच्या टोकाला गल्ल्या इतक्या अरुंद की गटाराची लाईन टाकायला जागा नाही, सार्वजनिक संडासाची टाकी भरली की उपसून नाल्यातच. आणि खालच्या टोकाला धारावीचा नवा प्लांट वेळेत पाहिजे. मुंबईत सात नवे प्लांट होतायत, मिळून दिवसाला २४६४ दशलक्ष लिटर, त्यात धारावी ४१८. बोगदा तयार आणि प्लांट अर्धवट असं झालं तर घाण फक्त पत्ता बदलेल.

अजून एक. सगळं मैलापाणी खरंच अडवलं तर वरचा पट्टा जानेवारीतच कोरडा पडेल. म्हणून पवईकडे फिल्टरपाड्याजवळचा छोटा ८ दशलक्ष लिटरचा प्लांट मला जास्त आवडतो, तो शुद्ध केलेलं पाणी तिथेच नदीत सोडण्यासाठी आहे. असे पाचसहा छोटे प्लांट वरपासून खालपर्यंत हवे होते, पण मोठ्या टेंडरची हौस कोणाला नसते. (साबरमतीसारखा रिव्हरफ्रंट का नाही असंही तिघांनी विचारलंय. तिथे नर्मदेच्या कालव्याचं पाणी आणून भरलंय. आपल्याकडे कुठून आणणार? आणि इथे भरती उलटी आत शिरते.)

प्रश्न (छोटा कारखानदार, कुर्ला): नव्वद टक्के घाण सोसायट्या आणि झोपड्यांची, तरी धाड आमच्या ड्रम धुणाऱ्यांवर आणि भंगारवाल्यांवर. हे बरोबर आहे का?

टक्केवारीत मी पडत नाही, पण लिटरमध्ये मोजलं तर तुमचं बरोबर आहे, घरगुती पाणीच जास्त. फक्त लिटरमध्ये मोजून चालत नाही हो. मैलापाणी जिवाणू खातात, प्लांट चालतो तो त्यांच्याच जिवावर. तुमच्या ड्रममधलं सॉल्व्हंट, ऑईल, ॲसिड त्या जिवाणूंनाच मारतं आणि जड धातू गाळात बसतात ते वर्षानुवर्षं. म्हणजे थोडं पाणी, पण पुढचा अख्खा प्लांट बिघडवणारं. मात्र एक तक्रार तुमची शंभर टक्के खरी, एकट्या गाळ्यात ट्रीटमेंट बसवणं परवडत नाही आणि सामाईक व्यवस्था कोणी करून देत नाही. आज धाड, सील, आठवड्याने दुसऱ्या गल्लीत तेच काम रात्री सुरू. मंडळ नोटीस काढतं, लायसन्स महापालिकेचं, वीज तोडायची दुसऱ्या कंपनीने. एकत्र बसून या गाळ्यांना एमआयडीसीत किंवा सामाईक प्लांट असलेल्या जागी हलवलं असतं तर धाडींवरचा वेळ वाचला असता.

प्रश्न (माहीम कोळीवाडा): आमच्या आजोबांच्या वेळी खाडीत बोय, निवटी मिळायची. परत येईल का?

निवटी चिखलात राहणारी, बऱ्यापैकी चिवट असते, तिवरांच्या कडेला ती लवकर दिसू शकेल. बोयला पाण्यात प्राणवायू लागतो, आणि मैलापाणी थांबलं की तो वाढायला फार वेळ लागत नाही, कारण दिवसातून दोनदा समुद्र आत येऊन खाडी धुतो, हा मिठीचा मोठा फायदा आहे, पुण्याच्या मुळा-मुठेला तो नाही. पण मासा दिसणं वेगळं आणि तो खाणं वेगळं. गाळातले धातू तसेच राहिले तर खाडीतला मासा तपासल्याशिवाय बाजारात नेऊ नका. ही तपासणी मत्स्यव्यवसाय खातं आणि मंडळ यांनी मिळून दर मोसमात करून कोळीवाड्यात बोर्डावर लावावी अशी मागणी तुमच्या सोसायटीने आत्ताच लेखी द्या, बोगदा पूर्ण व्हायची वाट बघू नका. आजचे आकडे नोंदवलेले नसतील तर पाच वर्षांनी फरक पडला की नाही हे कोणालाच सांगता येणार नाही.