थोरोने डोईपट्टी का भरली नाही? वाचकांचे प्रश्न

अमेरिकेच्या मेक्सिकोविरुद्धच्या युद्धाचा निषेध म्हणून अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरोने कर नाकारला आणि तुरुंगवास पत्करला, असे सर्वत्र वाचायला मिळते. ते खरे का? – एक वाचक, सातारा

अर्धेच खरे. जुलै १८४६ मध्ये थोरो दुरुस्तीला टाकलेला जोडा आणायला वॉल्डन तळ्याकाठच्या आपल्या झोपडीतून मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कॉर्ड गावात आला आणि करवसुली करणाऱ्या सॅम स्टेपल्सने त्याला अटक केली. गावचा तुरुंगही याच स्टेपल्सच्या ताब्यात होता. थकलेली होती डोईपट्टी, म्हणजे माणशी ठरावीक द्यायचा कर, आणि थोरो स्वतःच लिहितो की ती त्याने सहा वर्षे भरलेली नव्हती. युद्ध सुरू झाले मे १८४६ मध्ये. म्हणजे नकार युद्धाच्या आधीचा. त्याचे मूळ गुलामगिरीला पाठीशी घालणाऱ्या सरकारशी असलेल्या वैरात आहे. युद्धाने त्या नकाराला धार आली, एवढेच. याच गावात थोरोचा मित्र, विचारवंत ब्रॉन्सन ऑल्कटला याच करावरून १८४३ मध्ये अटक झाली होती.

तुरुंगवास एका रात्रीचा. कुणीतरी परस्पर पैसे भरले, आणि सकाळी सुटका झाल्यावर थोरो खूश होण्याऐवजी चिडला. मग जोडा घेतला आणि मंडळींबरोबर रानफळे वेचायला गेला. रस्त्याचा कर मात्र तो बिनतक्रार भरत असे. चर्चच्या पाळकासाठीचा कर त्याने नाकारला होता आणि आपण त्या चर्चचे सदस्य नाही असे गावच्या कारकुनाला लिहून दिले होते. कोणता पैसा कुठे जातो हे पाहूनच तो हात आखडत असे.

मग त्याला अराजकवादी म्हणायचे का? – एक वाचक, नागपूर

बरेच जण थोरोच्या कायदेभंगावरच्या निबंधाच्या पहिल्या परिच्छेदावर थांबतात, म्हणून हा समज होतो. अजिबात राज्य न करणारे सरकार सर्वांत चांगले, असे तो तिथे म्हणतो; पण थोडे पुढे गेले की, सरकारच नको असे नाही, आत्ताच्या आत्ता अधिक चांगले सरकार हवे, असेही म्हणतो.

त्याची कसोटी ठरलेली आहे. अन्याय हा सरकारी यंत्रातल्या अटळ घर्षणाचा भाग असेल तर सोडून द्या. झिजून तो आपोआप जाईल. उपाय दुखण्याहून वाईट ठरेल का, तेही पाहा. पण कायदा तुम्हालाच दुसऱ्यावरच्या अन्यायाचे हत्यार बनवत असेल, तर तो मोडा. जगातला प्रत्येक अन्याय निपटून काढणे हे आपले कर्तव्य नाही, आपले हात त्यात नसणे हे मात्र आहे, असे त्याचे म्हणणे. संघटना बांधायची म्हटली तर इथे फारसे काही हाती लागत नाही. ही त्याची खरी उणीव आहे.

अहिंसक सत्याग्रह गांधीजींनी थोरोकडून घेतला ना? – एक वाचक, पुणे

नाही. अन्यायी कायदा न पाळण्याची दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांची जोहान्सबर्गची शपथ, जिथून सत्याग्रह सुरू झाला, ती सप्टेंबर १९०६ ची. गांधीजींच्या ‘इंडियन ओपिनियन’ या साप्ताहिकात थोरोच्या निबंधाचा सारांश आला १९०७ मध्ये. पुण्याच्या भारत सेवक समाजाचे कोदंड राव यांना १९३५ मध्ये लिहिलेल्या पत्रात गांधीजींनी ही समजूत स्वतःच खोडून काढली आहे. निबंधाने त्यांना बळ मिळाले, हे निराळे.

शिवाय थोरो अहिंसावादी नव्हता. ऑक्टोबर १८५१ मध्ये हेन्री विल्यम्स हे नाव घेतलेल्या एका फरारी गुलामाला त्याने कॅनडाकडच्या गाडीत बसवले. दुपारच्या गाडीचे तिकीट काढायला गेला, तर स्टेशनवर बॉस्टनच्या पोलिसासारखा दिसणारा माणूस, म्हणून ती गाडी सोडली, असे तो रोजनिशीत लिहितो. इथवर शस्त्राचा प्रश्न नव्हता. पण १८५९ मध्ये गुलामगिरीविरोधक जॉन ब्राउनने हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रागारावर सशस्त्र हल्ला केला, तेव्हा ३० ऑक्टोबरला कॉन्कॉर्डमध्ये त्याची उघड बाजू घेणारा थोरोच होता. मारण्याची किंवा मरण्याची इच्छा नाही, पण दोन्ही अटळ ठरतील असे प्रसंग येऊ शकतात, असे त्या भाषणात आहे. गुलामाला सोडवायला बळ वापरण्याचा हक्क तो मान्य करतो. थोरोला गांधीजींच्या चौकटीत बसवणारे लोक हे भाषण सोयीस्करपणे वगळतात.

वाचायला सुरुवात कुठून करावी? – एक वाचक, कोल्हापूर

तळ्याकाठच्या मुक्कामावरचे त्याचे ‘वॉल्डन’ हे पुस्तक दुर्गा भागवतांनी मराठीत आणले आहे, पण राजकीय थोरोसाठी ते नंतर घ्या. आधी १८४९ चा कायदेभंगावरचा निबंध, मग ‘मॅसॅच्युसेट्समधील गुलामगिरी’ हे १८५४ चे भाषण, मग जॉन ब्राउनवरचे. क्रम उलटा केलात तर १८४९ चा संयम आणि १८५९ चा संताप यांमधला बदल हाती लागत नाही.